टीचर, तुमचं ‘वॉटर’ वेगळं का? कोरियातल्या एका शाळेतलं उच्चाराचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेचं आहे. आम्ही दोघी सोलापूर जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, नंतर ती दोन वर्षं दक्षिण कोरियात सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला गेली आणि त्या दोन वर्षांत आमचं जवळजवळ रोज बोलणं व्हायचं. तिला विचारूनच लिहितेय. गावाचं, शाळेचं, माणसांचं नाव देत नाहीये आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसंच आहे. आपल्याकडून तिकडे शिकवायला जाणाऱ्यांना पगार, व्हिसा, घर हे सगळं कुठे ना कुठे वाचायला मिळतं, पण वर्गात उभं राहिल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

पार्श्वभूमी

आधी एक गोष्ट सांगते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा इथे गोंधळ होतो. कोरियात इंग्रजी शिकवायचा ई-२ व्हिसा साधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. खाजगी क्लासेस, ज्यांना तिकडे हाग्वॉन म्हणतात, तिथे भारतीय पासपोर्टवर हा व्हिसा मिळत नाही. पण भारत आणि कोरियाचा सेपा नावाचा व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यात पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची शिक्षक पात्रता असलेल्या भारतीयांना शाळांमध्ये सहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून जायची वाट ठेवलेली आहे. ती त्या वाटेने गेली. एमए इंग्रजी, बीएड, सात वर्षांचा अनुभव. डिग्रीला अपॉस्टिल (आपला कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), पोलिस क्लिअरन्सला अपॉस्टिल, मेडिकल, सगळं करता करता पाच महिने गेले आणि २०१८ च्या फेब्रुवारीअखेर ती तिथे पोचली, कारण तिकडचं शाळेचं वर्ष मार्चला सुरू होतं.

शाळा खेड्यातली, आजूबाजूला भातशेती आणि प्लास्टिकची लांबच लांब ग्रीनहाऊस. एकेका वर्गात अठरा-वीस मुलं. दारात बूट काढून आतल्या चपला घालायच्या, जेवण सगळ्यांचं एकत्र, स्टीलच्या कप्प्यांच्या ताटात, आणि जेवणानंतर मुलं स्वतः वर्ग झाडतात, हे तिला फार आवडायचं. आठवड्याला २२ तास शिकवायचं, प्रत्येक तास ४० मिनिटांचा, आणि प्रत्येक तासाला सोबत कोरियन को-टीचर. या को-टीचर बाई तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, कामाला चोख, बोलायला कमी.

तिकडे सरकारी शाळेत इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं. तिसरी-चौथीला आठवड्यात दोन तास, पाचवी-सहावीला तीन. कागदावर सगळी मुलं तिसरीत एबीसीडीपासून सुरुवात करतात, पण प्रत्यक्षात ज्यांना परवडतं त्यांची मुलं पाच वर्षांची असल्यापासून हाग्वॉनला जातात. ती गेली त्याच मार्चपासून सरकारने शाळेतल्या पहिली-दुसरीच्या शाळेनंतरच्या इंग्रजी वर्गांवरही बंदी घातली होती (ती पुढच्या वर्षी उठवली), म्हणजे ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी जो एक स्वस्तातला मार्ग होता तोही तेव्हा बंद. त्यामुळे पाचवीच्या एकाच वर्गात एक मुलगी गोष्टीचं पुस्तक वाचतेय आणि तिच्या शेजारचा मुलगा बी आणि डी उलटसुलट लिहितोय असं चित्र. आपल्याला हे नवीन नाही, गावातल्या आपल्या वर्गात हेच असतं.

सुरुवातीचे दोन महिने छान गेले. मुलं तिला नुसतं ‘टीचर! टीचर!’ म्हणून हाका मारायची. शेजारच्या शाळेतल्या कॅनडाच्या शिक्षकाला याचा राग यायचा, तो म्हणायचा मला नावाने हाक मारा, पण ती मुळात ‘बाई, बाई’ ऐकत वाढलेली, तिला ते घरच्यासारखंच वाटलं. आणि तिला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट लक्षात आली जी त्या कॅनडावाल्याला दोन वर्षांत आली नव्हती. मुलं ‘आय अ‍ॅपल ईट’ का म्हणतात? कारण कोरियन भाषेत क्रियापद शेवटी येतं, अगदी मराठीसारखं, मी सफरचंद खाते. ‘अ’ आणि ‘द’ का विसरतात? कारण ते कोरियनमध्ये नाहीत, मराठीतही नाहीत. ती स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेली, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी यायच्या आधीच्या पिढीतली, तिने याच चुका केल्या होत्या आणि त्यातून बाहेर कसं आलो हेही तिला आठवत होतं.

‘डेस्क’चं तर तिने भारी केलं. कोरियन लिपीत ‘स्क’सारखं जोडाक्षर लिहिता येत नाही, अशा व्यंजनांमागे स्वर घालावा लागतो, म्हणून डेस्कचं ‘दे-सु-कु’ होतं, तीन तुकडे. तिने फळ्यावर देवनागरीत डेस्क लिहून दाखवलं, सगळ्यांना तो अर्धा स दाखवला, हा स अर्धाच आहे, याच्या पोटात स्वर नाही, पुढच्याला चिकटून बोलायचं. मुलांना हे इतकं आवडलं की आठवडाभर सगळे वह्यांवर अर्धा स काढत होते.

अडचण

एप्रिलच्या शेवटी पालकांसाठी खुला वर्ग होता. तिकडे वर्षातून एक-दोन दिवस आई-वडील येऊन मागे उभे राहतात आणि तास बघतात. पाचवीचा वर्ग, धडा हॉटेलात ऑर्डर देण्याचा, ‘व्हॉट वुड यू लाइक?’ ‘आय्ड लाइक सम वॉटर.’ आणि खाण्याच्या यादीत व्हेजिटेबल फ्राइड राइस. म्हणजे नशीब असं की वॉटर आणि व्हेजिटेबल एकाच तासात.

ज्या मुलांना हाग्वॉन आहे ती अमेरिकन उच्चार शिकतात, त्यांच्या कानाला वॉटर म्हणजे ‘वॉरर’. तिचा ट आपला स्पष्ट ट. आणि व तर आपला एकच, वॉटरचाही तोच आणि व्हेजिटेबलचाही तोच. तास चांगला झाला, पालकांनी टाळ्या वाजवल्या, ती खुशीत घरी आली, मला फोटो पाठवले.

पुढच्या आठवड्यापासून काहीतरी बदललं. को-टीचर बाई तिच्याकडची वाक्यं ई-टेक्स्टबुकच्या ऑडिओने वाजवायला लागल्या. आधी एक, मग तीन, मग सगळीच. तिच्या वाट्याला खेळ घेणं, स्टिकर देणं आणि ‘व्हेरी गुड’ म्हणणं एवढंच उरलं. तिला कोणी काही बोललं नाही, सगळे पूर्वीसारखेच वाकून नमस्कार करत होते. तिकडे नुनची म्हणून एक शब्द आहे, म्हणजे समोरच्याच्या मनातलं न बोलता ओळखायचं, आणि तिने ओळखावं अशी बहुतेक अपेक्षा होती. दहाव्या दिवशी उपमुख्याध्यापकांनी चहाला बोलावून खूप सौम्यपणे सांगितलं की ऑडिओ जास्त वापरला तर बरं, एका आईने विचारलंय की या टीचरचं वॉटर पुस्तकातल्यासारखं का नाही, या खऱ्या नेटिव्ह टीचर, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्या, आहेत ना.

त्या रात्री तिने फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, गप्प होती, ते जास्त वाईट होतं.

दुसरी एक गोष्ट याच काळात घडत होती आणि ती आम्हा दोघींच्याही लक्षात आली नाही. त्या वर्गात एक मुलगा होता, मागच्या रांगेतला, हाग्वॉनला न जाणारा. मार्चमध्ये तो जेवणाच्या वेळी मुद्दाम तिच्यासमोर येऊन बसायचा, ती मांस खात नाही म्हणून तिच्या ताटात काय आहे ते बघायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवणात कोरियन पिवळी करी असली की ‘टीचर, टुमॉरो कारे!’ असं आनंदाने सांगायचा. मे महिन्यात त्याने तिच्यासमोर बसणं सोडलं आणि वर्गात बोलणंही. तिने ते नोंदवलं, मला म्हणालीही, पण आम्ही दोघी तेव्हा वॉटरमध्ये अडकलो होतो.

समोर कोणते पर्याय होते

नोकरी सोडायची हा पहिला विचार, तो एका रात्रीत गेला. पहिल्या सहा महिन्यांत करार मोडला तर येण्याच्या खर्चाचे पैसे परत द्यावे लागले असते आणि घरी कर्ज होतं. शिवाय तिला तिथली मुलं आवडत होती.

गप्प बसून ऑडिओ वाजवू देणं आणि खेळ घेणं, हा सगळ्यात सोपा पर्याय. पगार तोच, त्रास शून्य. असं वर्षभर करणारी माणसं आहेत आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही, परक्या देशात एकटं राहून रोज भांडता येत नाही. पण ती सात वर्षं शिकवलेली बाई, तिला ते जमणारं नव्हतं.

त्या आईशी थेट बोलायचं, हा तिचा स्वतःचा कल होता. आपल्याकडे आपण पालकाला शाळेत बोलावून समोरासमोर बसवलं असतं. तिथे मात्र पालकांशी बोलणं वर्गशिक्षकांमार्फत होतं आणि तिने परस्पर काही केलं असतं तर वर्गशिक्षक आणि को-टीचर दोघींची पंचाईत झाली असती. शिवाय तिचं कोरियन तेव्हा दुकानात भाजी घेण्यापुरतं.

चौथा पर्याय उच्चार बदलायचा. आणि हा मी सुचवला. मी म्हटलं, अगं नाहीतरी परीक्षेला अमेरिकनच ऐकायला असतं, त्यांची कॉलेज प्रवेशाची मोठी परीक्षा असते तिच्यात ४५ पैकी १७ प्रश्न ऐकण्याचे, ते ऐकणं चालू असताना देशात विमानांना उडायला-उतरायलासुद्धा देत नाहीत, तर पालकांची काळजी चुकीची नाही, तू रोज अर्धा तास व्हिडिओ बघून सराव कर, दोन महिन्यांत होईल. हे मी मनापासून म्हटलं होतं, तिचं भलं व्हावं म्हणून. तो सल्ला चुकला.

एक पाचवा पर्याय होता जो तेव्हा आम्हाला सुचलाच नाही: त्या तक्रारीचे दोन भाग करायचे. ट वेगळा असणं ही चूक नाही, कोट्यवधी माणसं तसाच ट म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. पण व आणि डब्ल्यू एकच असणं, त्याने कोरियन मुलाचा खरोखर गोंधळ होतो, कारण कोरियनमध्ये डब्ल्यूसारखा आवाज आहे पण व्ही नाहीच, ते व्हीच्या जागी ब म्हणतात, व्हिडिओचं ‘बिदिओ’. ज्या मुलाला आधीच व्ही ऐकू येत नाही त्याला बाईंनी दोन्हीकडे एकच व दिला तर तो शिकणार कुठून? म्हणजे आईच्या तक्रारीत एक सुधारण्यासारखी गोष्ट होती आणि एक सोडून देण्यासारखी. आम्ही दोन्हींची मोट बांधली.

काय केलं

मे आणि जून ती अमेरिकन बोलायचा प्रयत्न करत राहिली. रोज रात्री आरशासमोर. वर्गात वॉरर, बेटरचं बेरर, आणि जिभेला वळण लावण्यात तिचं सगळं लक्ष, त्यामुळे मुलाने काय उत्तर दिलं ते ऐकणंच कमी झालं. मुलांना फरक लगेच कळला. मुलांना सगळं कळतं. एकदोघं तिचं जुनं आणि नवं वॉटर आलटून पालटून म्हणून दाखवायला लागली, त्यात वाईट हेतू नव्हता, पाचवीतली मुलं आवाजाची नक्कल करतातच, आपल्याकडे नाही का करत.

जूनच्या मधल्या एका दिवशी कोण आधी खेळणार हे ठरवायला मुलं कावी-बावी-बो खेळत होती, म्हणजे आपलं दगड-कागद-कात्री, तिथे कुठलाही निर्णय त्यावरच होतो. हरलेल्या एका मुलाने आधी तिच्या वॉटरची नक्कल केली, सगळे हसले, आणि लगेच दुसरी एक नक्कल केली, कोरियनमध्ये. त्यावर सगळे अजून जोरात हसले. तिला ते कळलं नाही. पण को-टीचर बाईंचा चेहरा पडलेला तिने पाहिला आणि मागच्या रांगेतला तो मुलगा टेबलाकडे बघत बसलेला.

तास संपल्यावर तिने विचारलं. को-टीचर बाईंनी आधी ‘काही नाही’ म्हटलं, मग स्टाफरूममध्ये दार लावून सांगितलं. त्या मुलाची आई व्हिएतनामची. कोरियातल्या शेतीच्या भागात अशी बरीच कुटुंबं आहेत, नवरा कोरियन शेतकरी आणि बायको व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली. आई खुल्या वर्गाला आली होती, वर्गशिक्षकांशी दोन शब्द बोलली होती, तिच्या कोरियनचा हेल मुलांनी ऐकला आणि तेव्हापासून ती नक्कल मागे लागली होती.

म्हणजे काय झालं होतं बघा. त्या वर्गात एप्रिलपासून दोन बायकांच्या हेलावर हसणं चालू होतं. त्यातल्या एकीने, जी टीचर आहे, जी मोठी आहे, तिने ते ऐकून स्वतःचा आवाज बदलायला घेतला. मागे बसलेल्या मुलाने हे दोन महिने पाहिलं. त्याला यातून काय समजलं असेल हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. तिला हे उमगलं त्या संध्याकाळी आमचं बोलणं झालं, आणि मीच म्हटलं होतं बदल म्हणून, ते मला अजून टोचतं.

त्या दिवशी को-टीचर बाई आणि ती पहिल्यांदा मोकळेपणी बोलल्या. को-टीचर बाईंनी कबूल केलं की तक्रार आली त्याच दिवशी सांगायला हवं होतं, तुला वाईट वाटेल म्हणून ऑडिओ वाढवत गेले. मग म्हणाल्या, माझंही इंग्रजी हाग्वॉनची मुलं दुरुस्त करतात, मला तर या वर्गात उभं राहताना रोज भीती वाटते. चार महिने शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका आणि दोघी एकाच गोष्टीला घाबरत होत्या.

उन्हाळी सुट्टीत शाळेचा दोन आठवड्यांचा मोफत इंग्रजी कॅम्प होता, बारा मुलं, तो मुलगाही होता कारण मोफत होतं. तिथे तिने स्वतःच्या आवाजात बोलायला परत सुरुवात केली. आणि तिथेच या प्रकरणातली दुसरी मोठी चूक झाली. तिने जगाचा नकाशा लावला, इंग्रजी कुठे कुठे कसं बोलतात यावर एक तास घेतला, भारत, नायजेरिया, सिंगापूर, आणि मुद्दाम व्हिएतनामवर बोट ठेवून विचारलं इथे कोणाला जायला आवडेल. तिला वाटलं त्या मुलाला बरं वाटेल. एका मुलीने लगेच त्याच्याकडे बोट दाखवून ‘दामुनह्वा!’ म्हटलं. हा शब्द मुळात बहुसांस्कृतिक कुटुंबांसाठी सरकारी भाषेत चांगल्या अर्थाने आलेला, पण शाळेच्या आवारात त्याचा शिक्का होतो. तो मुलगा पुढचे दोन दिवस कॅम्पला आला नाही.

यात तिने लगेच काही केलं नाही हे बरं झालं. तिला वर्गासमोर त्याची माफी मागायची होती, को-टीचर बाईंनी थांबवलं, म्हणाल्या तू परत सगळ्यांना त्याच्याकडे बघायला लावशील. वर्गशिक्षिकेने घरी फोन केला, तो परत आला, आणि तिने फक्त जेवताना त्याच्या समोर बसून ‘टुडे नो कारे, सॅड’ म्हटलं. त्याने उत्तर दिलं नाही पण जागा बदलली नाही.

सप्टेंबरला दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा दोघींनी मिळून तास नव्याने बांधले. ऑडिओ ठेवला, तो काढून टाकायचा हट्ट धरला नाही, कारण परीक्षेचं ऐकणं हा पालकांचा रास्त मुद्दा होता. पण प्रत्येक वाक्य तीन आवाजांत: आधी ऑडिओ, मग ती, मग को-टीचर बाई. आणि प्रश्न ‘कोणाचं बरोबर’ हा नाही, प्रश्न असा की तिघांनी काय मागितलं, पाणी की भाजीचा भात. चित्रावर हात ठेवायचा. बोलायची सक्ती नाही. जो आवाज बदलला तरी शब्द ओळखतो त्याचा कान पक्का होतो, हे हाग्वॉनच्या मुलांनाही जड जात होतं कारण त्यांनी एकच आवाज ऐकलेला.

दुसरीकडे व्ही आणि डब्ल्यू तिने स्वतः खरोखर शिकून घेतला. छोटे आरसे वाटले. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागलेले दिसले पाहिजेत, डब्ल्यूला ओठ गोल आणि दात दिसायलाच नकोत. मुलांना सरळ सांगितलं की माझ्या भाषेत या दोन्हींना एकच अक्षर आहे, मला पण हे नव्याने शिकावं लागलं, चला एकत्र करू. झेडसाठी मराठी कामाला आलं. कोरियन मुलं झूला ‘जू’ म्हणतात, झीरोला ‘जेरो’. आपल्याकडे जून महिना आणि जून भेंडी, लिहायला एकच पण ज वेगळा. भेंडीचा ज म्हणताना जीभ दातांच्या मागे असते, तिथेच ठेवून मधमाशीसारखा आवाज लांबवला की झेड येतो. महिन्याचा ज म्हणजे त्यांचा नेहमीचा ज. तिने भेंडीचं चित्र काढलं, बऱ्याच मुलांनी भेंडी पाहिलीही नव्हती, तरी चाललं.

सप्टेंबरमध्येच पालकांना एक पानाचं पत्र गेलं, कोरियनमध्ये, को-टीचर बाईंनी लिहिलेलं. तक्रारीचा उल्लेख नाही, सफाई नाही, फक्त या सत्रात ऐकणं कसं शिकवणार, कोणते आवाज घेणार आणि घरी दहा मिनिटं काय करता येईल एवढंच. नकलेचा विषय वर्गशिक्षिकेने तिच्या तासाला घेतला, इंग्रजीच्या तासाला नाही.

परिणाम

ज्या आईने विचारलं होतं त्या काही तिच्या मैत्रीण झाल्या नाहीत. मुलीचं हाग्वॉन चालूच राहिलं. पण दुसरी तक्रार आली नाही, आणि नोव्हेंबरच्या खुल्या वर्गाला त्या आल्या, तीन आवाजांचा खेळ बघितला, जाताना वाकल्या. आपल्या बाजूने एवढंच सांगता येतं.

मुलांचे टेस्टचे मार्क फार वाढले असं नाही. व्ही मात्र वर्गातल्या बहुतेकांना यायला लागला, आणि महत्त्वाचं म्हणजे मागच्या दोन रांगा चित्रावर हात ठेवायला लागल्या, ज्या आधी नुसत्या बसून असायच्या.

तो मुलगा नोव्हेंबरपर्यंत वर्गासमोर बोलला नाही. जोडीदारासोबत हळू आवाजात बोलायचा. डिसेंबरच्या एका तासाला ऑर्डर देण्याचा धडा उजळणीला घेतला तेव्हा त्याची पाळी आली आणि त्याने ‘आय्ड लाइक सम वॉटर’ म्हटलं, तिच्यासारखा स्पष्ट ट म्हणून. ते ठरवून होतं की सहज, तिने विचारलं नाही. त्याला पाण्याचं चित्र दिलं आणि तास पुढे नेला.

करार आणखी एका वर्षाने वाढला. उपमुख्याध्यापकांनी कारण काही सांगितलं नाही, पण को-टीचर बाईंनी शिफारस केली होती हे तिला नंतर कळलं.

एक गोष्ट मधे राहिली. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात, १५ तारखेला तिकडे शिक्षक दिन असतो, त्या मुलाने सकाळी एक पिशवी आणली. आईने दिली होती, त्यांच्या ग्रीनहाऊसमधली कोथिंबीर. त्या गावात कोथिंबीर मिळायची नाही, ती पहिल्या दिवसापासून कोथिंबिरीसाठी झुरत होती, पोह्यांवर घालायला काही नाही म्हणून मला किती वेळा म्हणाली असेल. पण तिकडे २८ सप्टेंबर २०१६ पासून लाचविरोधी कायदा आहे, शिक्षकाने विद्यार्थ्याकडून काहीही घ्यायचं नाही, एका मुलाने एकट्याने दिलेलं फूलही चालत नाही. को-टीचर बाई म्हणाल्या परत कर. तिने वास घेतला, थँक्यू म्हटलं, नीट समजावून सांगितलं आणि पिशवी परत दिली. त्याने ती दिवसभर दप्तराला अडकवून ठेवली होती, तिला सारखी दिसत होती.

पुन्हा हेच करायची वेळ आली तर

मी आणि तिने यावर खूप बोलून झालंय आणि काही बाबतीत आमचं एकमत नाही.

एकमत यावर आहे की खुल्या वर्गाच्या दुसऱ्याच दिवशी को-टीचरसोबत दहा मिनिटं बसून ‘काल पालक काय म्हणाले’ हे तिने स्वतः विचारायला हवं होतं. समोरून कोणी सांगेल याची वाट बघण्यात दहा दिवस गेले आणि तेवढ्यात तिच्या मनात नको ते भरलं. तिथे कोणी आपणहून वाईट बातमी देत नाही, पण विचारलं तर खोटंही बोलत नाहीत. आता जी कोणी जात असेल तिला मी पहिलं हेच सांगते, उच्चारांचे व्हिडिओ नंतर.

दुसरं, मी सल्ला देण्याआधी विचारायला हवं होतं की नेमका कोणता शब्द, कोणता आवाज. शिक्षक म्हणून मुलाची वही तपासताना आपण एकेक चूक वेगळी काढतो, आणि मैत्रिणीच्या बाबतीत मी सगळा आवाजच बदल म्हणून मोकळी झाले.

नकाशाच्या तासाबद्दल तिचं म्हणणं आहे की तो तास घ्यायलाच नको होता. मला वाटतं तास ठीक होता, व्हिएतनामवर बोट ठेवायला नको होतं. आपल्याकडेही एखाद्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला ‘बघा याचे आईवडील किती कष्ट करतात’ असं प्रेमाने म्हणून वर्गात उभं करतात, त्या मुलाला काय वाटतं ते त्याला विचारत नाहीत.

कोथिंबिरीबद्दल ती म्हणते पिशवी मुलाच्या हातात परत द्यायला नको होती, कायदा पाळूनही को-टीचर बाईंमार्फत आईला फोन करता आला असता, म्हणजे पोराला ती ओझ्यासारखी न्यावी लागली नसती. ते खरंय.

आणि एक राहून गेलं ते हे की पावणेदोन वर्षांत ती त्या मुलाच्या आईशी एकदाही बोलली नाही. आधी कोरियन येत नव्हतं, मग यायला लागलं तर संकोच, मग कायद्याची भीती. फेब्रुवारीत मुलांचा प्राथमिकचा निरोप समारंभ झाला, हिचाही करार संपत होता, शेवटच्या आठवड्यात हानारो मार्टमध्ये भाजीच्या रांगेत दोघी समोरासमोर आल्या. आईने कोरियनमध्ये विचारलं, परत कधी येणार. हिने तिच्या मोडक्या कोरियनमध्ये सांगितलं माहीत नाही. मग कोथिंबिरीला कोरियनमध्ये काय म्हणतात ते हिने विचारलं. कोसू, आई म्हणाली. हिने म्हणून बघितलं, आईने दोनदा दुरुस्त केलं.